भाषणें, वृत्तपत्रें आणि खरेंखोटें

राजकारणी पुरुषाचें भाषण ही मोठी विलक्षण वस्तु आहे. सभा संपते, टाळ्या थांबतात, मंडप ओस पडतो; परंतु त्यांतलें एखादें वाक्य दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्राच्या पानावर बसून घरोघरीं जातें, आणि तेथें तें वक्त्याचें न राहतां वाचकाचें होतें. हें वाक्य खरें असेल तर प्रश्नच नाहीं. पण तें खोटें असेल तर? ज्या बातमीदारानें तें ऐकलें, टिपून घेतलें आणि छापखान्याकडे धाडलें, त्याचें कर्तव्य काय? बोललें गेलें तसें छापावें, कीं 'हें खरें नाहीं' असें शेजारीं लिहावें? पहिलें केलें तर असत्याच्या प्रसाराला हातभार लागतो. दुसरें केलें तर 'तुम्ही विरुद्ध पक्षाला मिळालेले' हा आरोप ठेवलेलाच. श्रोतेहो, हा पेच पावणेतीनशें वर्षांहून जुना आहे. इंग्लंडांत त्याचा आरंभ झाला आणि अमेरिकेंत त्याला पूर्ण स्वरूप आलें. त्या इतिहासांतील कांहीं प्रसंग आपणांपुढें ठेवावे, आणि निःपक्षपात म्हणजे नेमकें काय याचा त्यांवरून विचार करावा, असा माझा आजचा हेतु आहे.

पडताळणी करावयाची तर मुळांत भाषण काय झालें तें कळावें लागतें. आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत लंडनच्या नागरिकास तेंहि उघडपणें कळण्याची सोय नव्हती. कॉमन्स सभेंतील वादविवाद छापणें हा सभेच्या विशेषाधिकारांचा भंग होय, असा ठराव त्या सभेनें १७३८ सालीं केला. तेव्हां छापखानेवाल्यांनीं एक युक्ति काढली. 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकानें तेच वादविवाद 'लिलिपुट' नांवाच्या कल्पित देशांतील सभेचा वृत्तांत म्हणून, माणसांचीं नांवें फिरवून, छापण्यास आरंभ केला. पुढें कोशकार म्हणून विख्यात झालेले सॅम्युएल जॉन्सन हे कांहीं वर्षें हें काम करीत. ते सभागृहांत क्वचितच गेले. दुसऱ्यांनीं आणलेल्या तुटपुंज्या टिपणांवरून ते आपल्या माडीवरच्या खोलींत बसून भाषणें रचीत, आणि वाचक तीं अस्सल समजून वाचीत. पुष्कळ वर्षांनीं एका भोजनप्रसंगीं मंडळी थोरल्या पिटच्या एका भाषणाची वाखाणणी करूं लागली, तेव्हां तें आपणच लिहिल्याचें जॉन्सननीं सांगितलें. तुम्ही दोन्ही पक्षांना सारख्या न्यायानें वागविलें, अशी तेथें कोणी त्यांची स्तुति केली. त्यावर, वरकरणी तसें दिसूं दिलें खरें, पण व्हिग पक्षाची सरशी होऊं नये याची काळजी घेतली, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे.

ही गोष्ट गमतीची वाटते. परंतु आजच्या विषयाचें बीज तिच्यांत आहे. समतोल दिसणें आणि समतोल असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाषण मूळ कसें होतें हें ताडून पाहण्याचें साधन वाचकापाशीं नव्हतें, म्हणून दिखाऊ समतोलपणाला शाबासकी मिळाली.

तें साधन मिळविण्यासाठीं पुढें झगडा झाला. १७७१ सालीं वादविवाद छापणाऱ्या मुद्रकांना पकडण्याचा हुकूम कॉमन्स सभेनें सोडला. लंडन शहराच्या न्यायाधिकाऱ्यांनीं मुद्रकांची बाजू घेऊन त्यांना सोडून दिलें. त्याबद्दल नगराध्यक्ष ब्रास क्रॉस्बी यांस सभेनें 'टॉवर'च्या किल्ल्यांत बंदींत ठेवलें. लोकमत खवळलें. क्रॉस्बी सुटले ते लोकांचे लाडके होऊनच. आणि तेथून पुढें वृत्तांत छापणाऱ्यांच्या वाटेस जाणें सभेनें जवळजवळ सोडून दिलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं विल्यम कॉबेटनें वादविवादांचे संग्रह काढण्यास सुरुवात केली, तें काम पुढें हॅन्सर्ड नांवाच्या मुद्रकाकडे गेलें, आणि त्याचें नांव पार्लमेंटच्या वृत्तांताला कायमचें चिकटलें.

या झगड्यांतूनच बातमीदाराचा एक धर्म ठरला: वक्ता जें बोलला तें जसेंच्या तसें द्यावें, पदरचें कांहीं घालूं नये. अमेरिकेंत या धर्माला आणखी बळकटी आली. तेथील वृत्तसंस्था सर्व पक्षांच्या पत्रांना एकच बातमी पुरवीत. त्या बातमींत मतप्रदर्शन असलें तर निम्मीं गिऱ्हाइकें नाराज होणार, हें उघड होतें. म्हणून 'अमुक गृहस्थ असें म्हणाले' एवढें लिहावें व थांबावें, हा शिरस्ता पडला. हा धर्म वाईट नव्हता. वृत्तांत देणाऱ्याच्या रागलोभापासून वाचकाचें रक्षण करण्यासाठींच तो निर्माण झाला होता. परंतु ज्या वक्त्याला असत्याची चाड नाहीं, त्याच्या हातीं हा धर्म कसें शस्त्र बनतो, हें १९५० सालीं दिसून आलें.

त्या वर्षीं ९ फेब्रुवारीस पश्चिम व्हर्जिनिया संस्थानांतील व्हीलिंग गांवीं रिपब्लिकन महिलामंडळाच्या समारंभांत विस्कॉन्सिनचे सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांचें भाषण झालें. अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यांत कम्युनिस्ट भरलेले आहेत आणि अशा २०५ जणांची यादी माझ्या हातांत आहे, असें ते बोलल्याचें तेथील वृत्तपत्रानें छापलें. वृत्तसंस्थेनें ती बातमी देशभर पोंचविली. दोनच दिवसांत, पश्चिमेकडील शहरांत बोलतांना, हा आंकडा ५७ झाला. २० फेब्रुवारीस सेनेटमध्यें त्यांनीं ८१ प्रकरणांचा उल्लेख केला.

हे आंकडे आले कोठून? १९४६ सालीं परराष्ट्रमंत्री बर्न्स यांनीं काँग्रेसच्या एका सभासदास पत्र लिहिलें होतें. सुमारें ३,००० नोकरांच्या छाननींत २८४ जणांना कायम करूं नये अशी शिफारस झाली असून त्यांपैकीं ७९ जणांना कमी केलें आहे, असें त्यांत म्हटलें होतें. २८४ मधून ७९ वजा केले कीं २०५ उरतात. हे २०५ कम्युनिस्ट असल्याचें त्या पत्रांत नव्हतें. शिफारशीचीं कारणें नानाविध होतीं. त्यांचीं नांवेंहि त्यांत नव्हतीं. आणि पत्रहि साडेतीन वर्षांचें जुनें होतें. ५७ चा आंकडा दुसऱ्याच एका यादीवरून निघाला. १९४८ सालीं काँग्रेसच्या एका समितीच्या तपासनिसांनीं १०८ प्रकरणें नोंदविलीं होतीं, त्यांतले ५७ जण त्या वेळीं नोकरींत होते. म्हणजे ही सारी जुन्या कागदांवरची वजाबाकी होती. एखाद्या चिकाट्या बातमीदारानें चार दिवस दफ्तरें चाळलीं असतीं तर ती उलगडली असती.

परंतु शिरस्ता निराळा होता. 'सेनेटर म्हणाले' हें सत्य होतें. सेनेटर जें म्हणाले तें सत्य होतें कीं नाहीं हें पाहणें बातमीच्या कक्षेबाहेरचें मानलें जाई. आरोप पहिल्या पानावर येई. खुलासा दुसऱ्या दिवशीं, पुष्कळदां आंतल्या पानावर, येई. आणि तोंवर नवा आरोप निघालेला असे. मॅकार्थींना वृत्तपत्रांच्या वेळा तोंडपाठ होत्या. छपाईची घटका भरत आली असतां नवी बातमी सोडावी, म्हणजे तिची शहानिशा करण्यास कोणाला उसंत राहत नाहीं, हें त्यांनीं नीट ओळखलें होतें. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. व्हीलिंगच्या भाषणाचें ध्वनिमुद्रण तेथील रेडिओ केंद्रानें केलें होतें, परंतु तें पुसलें गेलें. पुढें मॅकार्थी म्हणूं लागले कीं मी २०५ म्हणालोंच नव्हतों, ५७ म्हणालों होतों. मूळ शब्दच हातीं नसले म्हणजे खऱ्याखोट्याच्या तंट्याचा निकाल लागणें किती कठीण, याचें हें उदाहरण आहे.

सेनेटच्या टायडिंग्ज समितीनें चौकशी करून जुलै १९५० मध्यें हे आरोप म्हणजे लबाडी व फसवणूक असल्याचा निर्वाळा दिला. पण तो निर्वाळा डेमोक्रॅट बहुमताचा होता. रिपब्लिकन सभासदांनीं त्यावर सही केली नाहीं. त्यामुळें सत्याचा निकाल पक्षाच्या मतमोजणीसारखा दिसूं लागला, आणि मॅकार्थींचें फावलें. पुढें चार वर्षें त्यांचा अंमल चालला. त्या काळाच्या संशयी वातावरणांत कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या आणि लौकिकाला काळिमा लागला. वृत्तपत्रांची ती 'तटस्थता' कोणाच्या पथ्यावर पडली, हें यावरून कळतें.

याच काळांत मॅकार्थींच्याच संस्थानांतील 'मिलवॉकी जर्नल' या दैनिकानें एक साधा उपाय योजिला. मॅकार्थींच्या भाषणाच्या बातमींत जेथें जेथें वस्तुस्थितीला सोडून विधान येई, तेथें तेथें चौकटी कंस घालून खरी हकीकत तेथल्या तेथें द्यावयाची. वक्त्याचें वाक्य गाळावयाचें नाहीं, त्याला शिवीहि द्यावयाची नाहीं. फक्त नोंद काय सांगते तें शेजारीं ठेवावयाचें. भाषणांच्या पडताळणीची जी पद्धति पुढें जगभर रूढ झाली, तिचें मूळ रूप या कंसांत पाहावयास मिळतें. त्या पत्राचे बातमीदार एडविन बेली यांनीं १९८१ सालीं मॅकार्थी आणि वृत्तपत्रें या विषयावर ग्रंथ लिहिला, त्यांत हा सारा प्रकार आला आहे.

या कंसांचें स्वागत कसें झालें? मॅकार्थींनीं तें पत्र कम्युनिस्टांचें असल्याचा डांगोरा पिटला, आणि त्याला जाहिराती देणारे व्यापारी कम्युनिस्ट मतें घरोघरीं पोंचविण्यास साह्य करतात, असें जाहीरपणें बजावलें. येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत घ्यावी. कंसांतला मजकूर खोटा आहे, हें दाखविण्याच्या भानगडींत ते पडले नाहींत. कंस घालणाराचा हेतु काय, एवढाच प्रश्न त्यांनीं उभा केला. सत्याचें उत्तर देतां येत नसलें कीं सत्य सांगणाराच्या नियतीवर बोट ठेवावें, हा डाव तेव्हांपासून आजतागायत चालू आहे.

९ मार्च १९५४ रोजीं एडवर्ड मरो यांनीं कोलंबिया ब्रॉडकास्टिंगच्या टेलिव्हिजनवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला. त्यांत बहुतेक मॅकार्थींचींच चित्रें होतीं, त्यांचेच शब्द होते. मरो मधून मधून नोंदींशीं ते ताडून दाखवीत. मॅकार्थींना उत्तरासाठीं वेळ देण्यांत आला, आणि ६ एप्रिलच्या उत्तरांत त्यांनीं मरो यांनाच कम्युनिस्टांचे हस्तक ठरविण्याचा यत्न केला. परंतु मरो यांच्यावर टीका केली ती केवळ मॅकार्थींच्या भक्तांनींच नव्हे. गिल्बर्ट सेल्डीस यांच्यासारख्या विचारवंत समीक्षकानेंहि शंका काढली कीं, एका बाजूला कसलेली यंत्रणा व कसलेला कलावंत असतां, दुसऱ्याला तेवढाच वेळ देऊं केला म्हणजे न्याय होतो काय? ही शंका रास्त होती. त्या वर्षीं २ डिसेंबरला सेनेटनें ६७ विरुद्ध २२ मतांनीं मॅकार्थींचा निषेध केला. त्या एका माणसाचा प्रश्न सुटला. पण तपासणाराला कोणी तपासावयाचें, हा प्रश्न राहिला.

तो प्रश्न १९७६ मध्यें निराळ्या रूपानें पुढें आला. ६ ऑक्टोबरला सॅन फ्रॅन्सिस्को येथें अध्यक्ष फोर्ड व कार्टर यांचा जाहीर वाद झाला. त्यांत, पूर्व युरोपवर रशियाचें वर्चस्व नाहीं, असें विधान फोर्ड करून बसले. प्रश्न विचारणारे 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मॅक्स फ्रँकेल थक्क झाले. त्यांनीं पुन्हां विचारून फोर्डना सांवरण्याची संधि दिली, पण फोर्डनीं तेंच म्हणणें अधिक आग्रहानें मांडलें. मौज अशी कीं, त्याच रात्रीं ज्या प्रेक्षकांचीं मतें घेतलीं गेलीं, त्यांना या चुकीचें फारसें कांहीं वाटलेलें दिसलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांनीं आणि टेलिव्हिजननें ती उचलून धरल्यावर लोकमताचा कांटा कार्टरकडे झपाट्यानें झुकला. दुरुस्ती बरोबरच होती. परंतु बरोबर दुरुस्तीनेंहि निवडणुकीचें पारडें हलतें, हें सर्वांना दिसलें; आणि ज्याच्या हातीं पारडें हलविण्याची शक्ति असते, त्याच्याकडे लोक संशयानें पाहूं लागतात, हा मनुष्यस्वभाव आहे.

१९८८ च्या निवडणुकींतील विखारी जाहिरातींनंतर 'वॉशिंग्टन पोस्ट'चे डेव्हिड ब्रोडर यांनीं आपल्या व्यवसायबंधूंना कळकळीनें आवाहन केलें कीं, प्रचारांतील विधानें तपासून त्यांचा निकाल वाचकांपुढें ठेवणें हें आपलें कर्तव्य समजा. त्यानंतर पुष्कळ पत्रांत जाहिराती तपासणारीं सदरें निघालीं. डिसेंबर २००३ मध्यें पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्रांत 'फॅक्टचेक' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. पुढल्याच वर्षीं तिच्यावर एक विनोदी प्रसंग ओढवला. ५ ऑक्टोबर २००४ च्या वादांत उपाध्यक्ष डिक चेनी यांनीं आपल्या बचावासाठीं या संस्थेचा हवाला दिला. पण संकेतस्थळाचें नांव सांगतांना शेवटचें अक्षरगट चुकले. त्या चुकीच्या पत्त्याच्या मालकानें येणारे लोक चेनींच्या पक्षाचे कडवे विरोधक जॉर्ज सोरोस यांच्या पानाकडे वळविले! स्वतः संस्थेनें काय केलें? चेनींनीं आपला हवाला दिला म्हणून ती खूष होऊन बसली नाहीं. चेनींच्या वैयक्तिक लाभाबद्दल आम्ही तसें लिहिलें होतें खरें, पण प्रतिपक्ष्यानें केलेल्या बाकीच्या टीकेचें खंडन आम्ही केलेलें नाहीं, असें तिनें प्रसिद्ध केलें. जो आपली साक्ष काढतो त्यालाहि दुरुस्त करणें, ही निःपक्षपाताची एक खूण होय.

२००७ मध्यें फ्लोरिडांतील 'सेंट पीटर्सबर्ग टाइम्स' या पत्रानें बिल ॲडेअर यांच्या नेतृत्वाखालीं 'पॉलिटिफॅक्ट' सुरू केलें, आणि २००९ सालीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. या मंडळींनीं सत्यासत्याचें एक मापकच बनविलें. 'खरें' पासून 'धादांत खोटें' पर्यंत सहा पायऱ्या, आणि प्रत्येक विधानाला त्यांतली एक. वाचकाला हें फार सोपें वाटतें. पण सोपेपणाची किंमतहि त्यांत आहे. 'अर्धें खरें' आणि 'बव्हंशीं खोटें' यांच्यामध्यें रेघ कोठें ओढावयाची, हें गणितानें ठरत नाहीं. तेथें माणसाचा निर्णय येतो, आणि निर्णय आला कीं संशयाला जागा झाली.

आतां या संशयाचा विचार करूं. तो दोन ठिकाणांहून उगवतो. एक ठिकाण म्हणजे वाचकाचें मन. १९८५ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील व्हॅलोन, रॉस आणि लेपर या तिघा मानसशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ सालच्या बैरूत येथील हत्याकांडासंबंधींच्या टेलिव्हिजन बातम्या त्यांनीं इस्रायलच्या व अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखविल्या. बातम्या त्याच, एका अक्षराचा फरक नाहीं. परंतु दोन्ही गटांनीं सांगितलें कीं, या बातम्या आमच्या विरुद्ध बाजूला झुकलेल्या आहेत. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा' ही आपल्याकडील म्हण या शास्त्रज्ञांना ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण त्यांच्या प्रयोगाचें सार तिच्याहून फारसें निराळें नाहीं. अर्थात् पक्षपाताची तक्रार झाली एवढ्यावरून पक्षपात झाला, असें सिद्ध होत नाहीं.

पण ओरड सदा खोटीच असते, असें मानून स्वस्थ बसणें हाहि प्रमाद होईल. कारण संशयाचें दुसरें ठिकाण तपासणाराच्या टेबलावरच आहे. हजारों विधानांतून तपासण्यासाठीं दहा निवडावयाचीं. तीं कोणीं व कशीं निवडलीं? २०११ च्या आरंभीं मिनेसोटा विद्यापीठांतील एरिक ऑस्टरमायर यांनीं 'पॉलिटिफॅक्ट'च्या एका वर्षाच्या निकालांची मोजदाद केली. दोन्ही पक्षांचीं जवळजवळ सारखींच विधानें निवडलेलीं होतीं. परंतु सर्वांत खालच्या दोन पायऱ्यांवर बसविलेल्या विधानांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश रिपब्लिकनांचीं होतीं. यावरून एक पक्ष अधिक खोटें बोलतो असें म्हणावें, कीं तपासणारांनीं त्या पक्षाचीं वाईट तेवढीं वाक्यें वेंचलीं असें म्हणावें? निव्वळ मोजदादीवरून दोन्हींपैकीं कांहींच म्हणतां येत नाहीं. निवड जोंवर यदृच्छेनें होत नाहीं, तोंवर बेरजा करून पक्षांना गुण देणें चुकीचें आहे. एकेका वाक्याचा निकाल हाच काय तो विश्वासार्ह, बेरीज नव्हे.

शिवाय कांहीं वाक्यें तपासण्याजोगींच नसतात. ज्याला सध्याची विमापद्धति पसंत असेल त्याला ती ठेवतां येईल, असें आश्वासन ओबामा आपल्या आरोग्ययोजनेविषयीं देत असत. २००८ मध्यें 'पॉलिटिफॅक्ट'नें त्या अर्थाच्या विधानाला 'खरें' असा शेरा दिला. पुढें तो 'अर्धें खरें' असा झाला. आणि २०१३ सालीं, लाखों लोकांना विमा रद्द झाल्याचीं पत्रें आल्यावर, त्याच विधानाला त्या वर्षींची सर्वांत मोठी थाप ठरविलें. योजना नुसती कागदावर असतां तिच्या परिणामांविषयींचें आश्वासन हें खरेंहि नसतें व खोटेंहि नसतें. तें भविष्य असतें. भविष्यावर 'खरें' असा शिक्का मारणें ही पहिली चूक, आणि त्या चुकीनेंच पुढें टीकाकारांना हत्यार दिलें. उलट पक्षीं, २०११ सालीं याच संस्थेनें डेमोक्रॅट पक्षाच्या एका आरोपाला त्या वर्षींची सर्वांत मोठी थाप ठरविलें, तेव्हां उदारमतवादी पत्रांनीं तिच्यावर तुटून पडण्यांत कसूर केली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

वाद चालू असतां तेथल्या तेथें दुरुस्ती करणें तर आणखीच अवघड. १६ ऑक्टोबर २०१२ च्या वादांत, लिबियांतील हल्ल्यानंतर त्याला दहशतीचें कृत्य म्हणण्यास ओबामांना चौदा दिवस लागले, असें रॉम्नी म्हणाले. संचालिका कँडी क्राउली यांनीं सांगितलें कीं, अध्यक्षांनीं तसा शब्द वापरला होता. आणि लगेच पुढें, हल्ल्याचा उगम दंगलींत नव्हता हें स्पष्ट होण्यास मात्र दोन आठवडे लागले, हें रॉम्नींचें म्हणणें बरोबर आहे, असेंहि त्या म्हणाल्या. पहिलें वाक्य सर्वांच्या स्मरणांत राहिलें, दुसरें विरून गेलें. १० सप्टेंबर २०२४ रोजीं फिलाडेल्फिया येथें ट्रम्प व हॅरिस यांच्या वादांत, स्प्रिंगफील्ड गांवीं परदेशांतून आलेले लोक रहिवाशांचीं कुत्रींमांजरें खातात, असें ट्रम्प म्हणाले. त्यावर, तसा विश्वसनीय पुरावा नसल्याचें नगरपालिकेच्या व्यवस्थापकांनीं कळविलें आहे, असें संचालक डेव्हिड म्यूर यांनीं सांगितलें. ट्रम्प यांच्या पक्षानें तक्रार केली कीं, दुरुस्त्या झाल्या त्या फक्त आमच्या माणसाच्या. ही वस्तुस्थिति होती. परंतु त्यावरून ती दुरुस्ती खोटी ठरत नाहीं. विचारावयाचा प्रश्न एवढाच कीं, तितक्याच ठळक असत्याला दुसऱ्या बाजूस तीच फूटपट्टी लावली गेली काय.

या खटाटोपाचा उपयोग तरी काय? ब्रेंडन नायहन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ च्या निवडणुकींत याची परीक्षा घेतली. गुन्हेगारीसंबंधीं ट्रम्प यांनीं केलेल्या विधानांची दुरुस्ती वाचल्यावर त्यांच्या समर्थकांचीहि वस्तुस्थितीविषयींची समजूत सुधारली. मात्र ट्रम्प यांच्याविषयींचें त्यांचें मत बदललें नाहीं. कित्येकांस हा निष्कर्ष निराशाजनक वाटतो. मला तो तसा वाटत नाहीं. मत कोणाला द्यावें हें ठरविणें पडताळणी करणाराचें कामच नव्हे. दोन शेजारी वेगवेगळ्या पक्षांना मत देवोत. पण गांवांत चोऱ्या वाढल्या कीं घटल्या, याविषयीं त्यांचें एकमत असलें तर त्यांना एकमेकांशीं बोलतां येतें. एवढें साधलें तरी पुष्कळ साधलें.

तरी विश्वास मात्र ढळला आहे, हें नाकारतां येणार नाहीं. २०१९ सालच्या प्यू संस्थेच्या पाहणींत, पडताळणी करणारे एका बाजूला झुकतात असें म्हणणारे रिपब्लिकनांत शेंकडा ७० निघाले, तर डेमोक्रॅटांत शेंकडा २९. जानेवारी २०२५ मध्यें फेसबुक चालविणाऱ्या मेटा कंपनीचे प्रमुख झुकरबर्ग यांनीं, हे लोक फार पक्षपाती झाले असें सांगून, २०१६ पासून चालत आलेली बाहेरच्या संस्थांकडून पडताळणी करवून घेण्याची व्यवस्था अमेरिकेपुरती बंद करण्याचें जाहीर केलें. मिलवॉकीच्या कंसावर सत्तर वर्षांपूर्वीं जो आरोप झाला, तोच आतां एका बलाढ्य कंपनीच्या मुखानें उच्चारला गेला.

मग निःपक्षपात म्हणजे काय? दोन्ही पक्षांच्या पदरीं सारखाच दोष घालणें म्हणजे निःपक्षपात नव्हे. दुकानदाराचा कांटा दोन गिऱ्हाइकांच्या मालाचें वजन सारखें दाखवील तर तो कांटा बिघडला असें आपण म्हणतों. मापें दोघांना तींच असलीं पाहिजेत. वजन मालाप्रमाणें येईल तें येवो. आणि तीं मापें गिऱ्हाइकाला उचलून पाहतां आलीं पाहिजेत. पडताळणी करणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०१६ सालीं जे नियम केले, त्यांचा इत्यर्थ हाच आहे: सर्व पक्षांना एकच न्याय लावा, पुरावा, पैसा आणि पद्धति उघड ठेवा, आणि चुकलांत तर चूक उघडपणें दुरुस्त करा. जॉन्सनच्या माडीवर यांतली एकहि गोष्ट नव्हती, म्हणून तेथला समतोल लटका. मिलवॉकीच्या कंसांत विधान व नोंद हीं दोन्ही शेजारीं शेजारीं होतीं. न पटल्यास वाचकानें स्वतः ताडून पाहावें अशी मुभा होती. म्हणून आरोप होऊनहि तो कंस टिकला.

आणि कांहीं न बोलण्याला निःपक्षपात म्हणूं नये, हाहि १९५० चा धडा आहे. ज्या पत्रांनीं २०५ चा आंकडा मुकाट्यानें छापला, त्यांनींहि एक बाजू घेतलीच. फक्त ती आपण घेतली, हें त्यांना कळलें नाहीं.

राहिला वाचकांचा व श्रोत्यांचा वांटा. विरुद्ध पक्षाच्या पुढाऱ्याची थाप उघडकीस आली म्हणजे आपण समाधानानें मान डोलावतों, पुरावा मागत नाहीं. आपल्या पुढाऱ्यावर तीच पाळी आली कीं आपल्याला प्रथम आठवतो तो तपासणाराचा हेतु. अशा वेळीं क्षणभर थांबून, कंसांतलें वाक्य खरें आहे कीं नाहीं, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. हेतूचा विचार त्यानंतर करावयास पुष्कळ अवकाश आहे. दोन्ही वेळां हाच क्रम पाळणारे नागरिक थोडे तरी असल्यावांचून, कितीहि प्रामाणिक वृत्तपत्र झालें तरी त्याचा कंस व्यर्थ होय, एवढें सुचवून मी आपली रजा घेतों.